पाठ चोळायची राहिली

माझं नाक लहानपणापासून तिखट. जव्हारला आमच्या आळीत कुणाच्या घरी डाळ करपली तर त्या घरच्या बाईच्या आधी मला कळायचं, आणि मला कळलं की सगळ्या आळीला कळायचं. "शी!" हा माझा आवडता शब्द. शेणाला शी, सुक्या मासळीला शी, पाहुण्यांच्या पायांना शी. आई कौतुकानं सांगायची, "आमच्या बाळीला घाण म्हणून खपत नाही." त्याच वेळी कुणीतरी बाळीच्या दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत, म्हणून ते काम आता म्हातारपणी मलाच करावं लागतंय.

लग्न झालं ते संस्थानच्या रानाच्या रखवालदाराशी. ह्यांच्या कमरेला चामडी पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला. तो बिल्ला मी रोज चिंचेनं घासायची. नवरा काय काम करतो असं मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, "बिल्ला लावतात." वडील जव्हारच्या कचेरीत कारकून होते, तेवढ्यावर मी स्वतःला राणीसाहेबांच्या खालोखाल धरत होते. आणि राहायला कुठं, तर जामसरच्या वरच्या अंगाला, गावापासून अर्धा कोस लांब, चौकीला चिकटलेल्या दोन कुडाच्या खोल्यांत. भोवती साग आणि कारवी. खाली उतरलं की एक पाडा आणि त्याच्या पलीकडे डोह. पण रुबाब असा, की डोहावरून पाणी आणायला जायचं तर ठेवणीतलं लुगडं.

ह्यांचं खरं काम उन्हाळ्याचं. शिमगा उलटला की रान वाळून कुरकुरीत होतं. त्याच दिवसांत लोक शेताच्या एका कोपऱ्यावर पाला, शेण, फांद्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. त्या राखेत नाचणीचं, भाताचं रोप जोमानं येतं. मोहाखालचा पालाही जाळतात, म्हणजे पडलेली फुलं स्वच्छ जमिनीवर वेचता येतात. त्यातली एखादी ठिणगी वाऱ्यावर गेली की डोंगर पेटला. विझवायला पाणी कुठलं? डोह राहिला खाली, आणि वर डोंगरावर त्या दिवसांत प्यायलाही पाणी नसायचं. पाड्यावरचे दहा-बारा गडी, हातात हिरव्या डहाळ्या, आणि पुढं हे. झोडपून झोडपून विझवायचं. नाहीच आवरलं, तर पायवाटेच्या कडेनं समोरून दुसरी आग लावून द्यायची. दोन आगी एकमेकींना भिडल्या की मधे खायला काही उरत नाही आणि दोन्ही मरतात.

टोळीचा म्होरक्या एक म्हातारा होता. चिपाडासारखा वाळका, समोरचे दोन दात पडलेले. ह्यांना तो "दादा" म्हणायचा, आणि आग लागली की दादाला शिव्यासुद्धा द्यायचा. त्या टोळीची एक रीत होती. आगीतून आलेला माणूस परस्पर घरी जायचा नाही. सगळ्यांनी आधी डोहात उतरायचं, एकामागं एक बसायचं, आणि मागच्यानं पुढच्याची पाठ गवताच्या चुंबळीनं चोळायची. चोळता चोळता विचारायचं, "काय बघितलंस?" आणि पुढच्यानं सांगायचं. कुणी म्हणायचा ससा जळताना बघितला, कुणी म्हणायचा धुरात वाट चुकली नि मुतलो. हसायचे, रडायचे, काय वाटेल ते. सगळ्यांच्या पाठी झाल्या की मग घर. हेही त्यांच्यात बसायचे. मला हे लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात कळलं आणि मी दोन दिवस अबोला धरला. त्यांच्यात! त्याच पाण्यात! त्यांचे हात ह्यांच्या पाठीला! मी शपथ घातली, "पुन्हा असं झालं तर माझ्या चुलीपाशी यायचं नाही." सतरा वर्षांची ती बया चूल म्हणजे गाभारा समजत होती. उंदीर खुशाल फिरायचे त्या गाभाऱ्यात.

पुढच्या वर्षी पाडव्याला वणवा लागला.

मी सकाळपासून पुरण घाटत होते. गूळ वडिलांनी जव्हारहून पाठवला होता. हे गुढीला नमस्कार करून बसताहेत तोच टोळीतला एक जण धापा टाकत आला. "दादा, मोहाच्या माळावर धूर."

"आज सणाचं तरी..." मी सुरू केलं.

"वारा सुटलाय," हे म्हणाले आणि गेले.

दुपारी धुराचा वास आमच्यापर्यंत आला. माझ्या पुरणाला तो वास लागेल म्हणून मी दार लावून घेतलं. डोंगरावर काय चाललं असेल हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मी पुरणाची काळजी करत होते. हे मी लिहून ठेवते आहे, कारण माझ्या सुना मला फार प्रेमळ समजतात.

उन्हं कलायला लागली तेव्हा वाटेवरून माणसं उतरताना दिसली. सगळी काळीठिक्कर. मधल्या दोघांच्या खांद्यावर काठी, काठीला घोंगडीची झोळी. झोळीवाले पाड्याकडे वळले, बाकीचे डोहाकडे. मी वळणापर्यंत धावत गेले आणि शेवटच्या गड्याला विचारलं, "झोळीत काय?"

"म्हाताऱ्याची बहीण," तो म्हणाला. "मोहाखाली फुलं वेचत व्हती. दोन्ही आगींच्या मधे घावली."

दोन्ही आगी. म्हणजे एक आपण होऊन आलेली, आणि दुसरी समोरून लावलेली. समोरून लावायचा हुकूम रखवालदाराचा असतो आणि पहिली काडीही त्याचीच. हे मला माहीत होतं. तरी मी काय केलं? पदर नाकाला लावला आणि ओरडले, "अहो! इकडे या आधी!"

हे थांबले. डोळे लाल, भुवया जळालेल्या.

"त्यांच्यात अंघोळ करून माझ्या सोवळ्यात येणार? आज सण आहे."

म्हातारा ह्यांच्या शेजारीच होता. ज्याची बहीण झोळीतून गेली, तो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "बाय, थोडी वेळ दे. पाठी होऊ दे."

"पाठ घरीही धुता येते."

"घरी त्याला विचारील कोण?"

"मी आहे ना विचारायला!" मी म्हणाले. काय तोरा!

हे माझ्यामागून आले. चला म्हटलं असतं तर कुणाच्याही मागून गेले असते, अशी त्यांची अवस्था होती. मी त्यांना अंगणात उभं केलं, पाण्याची कळशी पायानं पुढं ढकलली आणि चार हात लांब जाऊन उभी राहिले. वास भयंकर होता. धुराचा तर होताच, केस जळाल्याचा होता, आणि त्या सगळ्यावर एक गोड वास, भाजलेल्या मोहाच्या फुलांचा.

अंगावर एक तांब्या घेऊन हे थांबले. म्हणाले, "तिच्या ओच्यात फुलं होती गं. भाजलेली."

"शी!" मी म्हणाले. "जेवायच्या वेळेला काय बोलता?"

ह्यांनी तोंड मिटलं. मी विचारणार होते म्हणून घरी आणलेला माणूस, त्याला मी एवढंच विचारलं. पुढं दोन महिने ते तोंड त्या गोष्टीवर उघडलं नाही.

मग मी पान वाढलं. गरम पोळी, वर तुपाची धार. गूळ आणि वेलदोड्याचा वास ह्यांच्या नाकात गेला, आणि पहिला घास हातात असतानाच सगळं भडभडून पानात आलं. मी रडले. कशासाठी, तर पुरणासाठी! दोन शेर डाळ, जव्हारचा गूळ, आणि सकाळपासूनची माझी मेहनत. त्या पोरीला आज कुणी माझ्यासमोर आणून उभी केली, तर मी तिला त्याच पानावर बसवीन.

दुसऱ्या दिवसापासून हे चुलीकडं पाठ करून बसायला लागले. गरम काही खाईनात. भिजवलेले पोहे, ताक, काकडी. दिवसातून दहा वेळा हात धुवायचे, मग तळवे नाकाशी नेऊन हुंगायचे आणि पुन्हा धुवायचे. राखेनं, मातीनं, शेवटी वाळूनं. बोटांच्या बेचक्यांत रक्त यायला लागलं. समोरच्या डोंगरावर धूळ उडाली तरी "धूर!" म्हणून उठायचे आणि गड्यांना पळवायचे. गडी जायचे, बघायचे, परत यायचे. त्यातलं कुणी हसलं नाही. हसले ते आमच्याकडचे.

मी उपायांत कमी पडले नाही. जव्हारच्या बाजारातून वाळ्याचं अत्तर मागवलं आणि ह्यांच्या उशीला, सदऱ्याला, बिल्ल्यालासुद्धा लावलं. आंबेहळद उगाळून तळव्यांना फासली. लिंबू उतरवलं, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, आणि त्या चुलीत टाकून तडतडवल्या. आगीला भिणाऱ्या माणसासमोर! हे भिंतीला टेकून थरथरत बसले आणि मी मनात म्हटलं, बघा, बाधा कशी निघतेय.

अक्षय्यतृतीयेला आम्ही जव्हारला माहेरी गेलो. माहेरच्या बायका मला घेरून बसल्या. तोंडात चिवडा, आणि विचारतात काय, "ती बाई दिसत कशी होती गं? चेहरा राहिला होता का?" ह्यांना विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून मला. मामा ओसरीवर पानसुपारी चघळत होते. "आगवाला आणि आगीला भितो!" म्हणाले आणि असे खदखदून हसले की सुपारीचा लाल चोथा त्यांच्या मिशीवर येऊन बसला. "पुरुषासारख्या पुरुषाला काय होतंय? चार दिवसांचं नाटक." हे अंगणात बसून ते ऐकत होते. आईनं मला आत नेऊन सांगितलं, "तू इथंच राहा. वेड लागलं तर लोक बायकोलाच बोल लावतात."

मला त्या मिशीवरच्या चोथ्याची किळस आली. आयुष्यात पहिल्यांदा मला योग्य गोष्टीची किळस आली असेल. आईचं न ऐकता मी संध्याकाळच्या गाडीत ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. यात काही थोरपणा नव्हता. आईच्या घरी चिवडा संपला होता.

त्यानंतर आठच दिवसांनी खरा वणवा लागला. गडी धावले, हेही निघाले. माळाच्या कडेपर्यंत गेले आणि तिथं त्यांचे पाय थांबले. गडी आत गेले आणि हे काठावर उभे. थोड्या वेळानं एकटेच आडवाटेनं घरी आले आणि हात धुवायला बसले. वरच्या अंमलदाराला कळलं असतं तर बिल्ला गेला असता. मला बिल्ल्याचीच काळजी लागली. मी बया कुठली सुधारणार!

एका दुपारी मी डोहावर पाण्याला गेले. खडकावर ह्यांचा सदरा आणि पट्टा ठेवलेला. हे गळ्यापर्यंत पाण्यात बसलेले, डोळे उघडे, पापणी हलत नव्हती.

"उठा," मी म्हणाले, "पाणी गढूळ होतंय."

हे हलले नाहीत. मी जवळ गेले तेव्हा दिसलं, मांडीवर पाट्याएवढा धोंडा घेतलेला. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.

"हे काय?"

"खाली गेलं की वास येत नाही," हे म्हणाले. एखाद्यानं सावली कुठं आहे ते सांगावं तसं. "पाण्याखाली काहीच वास येत नाही. पण मी वर येतो सारखा."

कळशी कुठं गेली मला आठवत नाही. लुगड्यासकट मी पाण्यात होते. धोंडा ढकलला, तो माझ्या पायावर पडला आणि अंगठ्याचं नख गेलं. हे वर यायला तयार नव्हते. मी ह्यांच्या दंडाला चावले. खरंच चावले, दात उमटले. तेव्हा हे ओरडले आणि उठले.

ह्यांना घरी आणून बसवलं, बाहेरून कडी घातली आणि ओल्या लुगड्यानं, लंगडत, मी पाड्यावर गेले. म्हातारा अंगणात मोहाच्या बिया फोडत बसला होता.

"बाबा, चला. ह्यांची पाठ चोळा."

त्यानं मान वर केली नाही. "पाडव्याला काय म्हणलीस?"

"चुकलं माझं."

"घरी विचारलंस त्याला?"

त्यानं आणखी दोन बिया फोडल्या. मग म्हणाला, "आग नाय, राख नाय, आन पाठ चोळायची? सोंग हाय का ते?"

"मग आग लागेपर्यंत थांबू? डोहात धोंडा घेऊन बसले होते ते."

आता त्याचे हात थांबले. "धोंडा?"

"पाट्याएवढा."

म्हाताऱ्यानं हातातली बी खाली ठेवली. "मला बघून वाट बदलतो तो," म्हणाला. "दुसरं कुणी चोळील त्याची पाठ. पण त्यांना काय सांगील? त्याला जे सांगायचं ते मला सांगायचं हाय. मी काय खाणार हाय का त्याला? आगीत येऊ तर दे."

आगीत येऊ दे म्हणजे आग पाहिजे, असा हिशेब मी केला. निम्म्या वाटेतच माझा बेत तयार. तिथूनच परत जाऊन म्हाताऱ्याला सांगितलं, "उद्या सकाळी चौकीवर या. काम आहे."

सकाळी हे पुढच्या पडवीत पोहे घेऊन बसले होते. मी मागच्या दारानं चुलीतले निखारे चिमट्यानं खापरीत घेतले, परसात सागाच्या पानांचा ढीग केला होता त्यावर ओतले आणि पदरानं वारा घातला. छान पेटला. मी कमरेवर हात ठेवून बघत राहिले. रखवालदाराची बायको, संस्थानच्या रानात, ऐन उन्हाळ्यात! एक छोटीशी आग, दोन माणसं विझवतील, मग डोहावर जातील, असा माझा आराखडा. वाऱ्याला मी विचारलं नव्हतं.

एक झुळूक आली आणि पेटतं पान उडून कुंपणापलीकडच्या गवतात पडलं. मग दुसरं. मग दोरीवरचं माझं ठेवणीतलं लुगडं काठापासून पेटलं. "आग!" असं लटकं ओरडायचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात माझ्या तोंडून कोंबडीसारखा आवाज निघाला. मी डहाळी तोडली आणि झोडपायला लागले, तर डहाळी वाळकी. तीच पेटली.

हे पडवीच्या टोकाला येऊन उभे होते. हातात पोह्यांची वाटी. मी बघितलं, त्यांचे पाय पुढं येत नव्हते. त्यांना आग दिसत होती आणि मी दिसत नव्हते, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी ओरडले, "अहो, माझा पदर!"

पदर पेटला होता. वाटी पडली. ह्यांनी पडवीवरून उडी टाकली, पदर फाडून काढला, मला जमिनीवर लोळवलं आणि माझ्या अंगावर मूठ-मूठ माती मारली. मग उठून ओरडले, "उजवीकडून! वाऱ्याच्या पाठीनं! खालून झोडप!" दोन महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मला वाटलं माझ्याशी बोलताहेत. नव्हते. म्हातारा वाटेनं वर आला होता. त्यानं काही विचारलं नाही, हिरवी फांदी मोडली आणि गवतात घुसला. अर्ध्या घटकेनं सगळं निवलं. बैलगाडी फिरेल एवढा तुकडा काळा झाला होता.

म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून खोकत होता. मागच्या दारापासून ढिगापर्यंत निखाऱ्यांचा माग पडला होता. त्यानं तो बघितला, मग माझ्याकडं, मग ह्यांच्याकडं. "दादा," म्हणाला, "रान लावणारी घावली. बिल्ला लाव आन पकड हिला."

हे हसले नाहीत. दोन्ही तळवे समोर धरून बघत होते, काळेकुट्ट. आता हुंगणार, असं मला वाटलं.

"चल," म्हातारा म्हणाला. "डोहावर."

हे जमिनीकडं बघत राहिले.

"जा," मी म्हणाले.

"तूबी चल, बाय," म्हातारा म्हणाला. "आगीत व्हतीस ना?"

डोहाच्या उथळ कडेला हे बसले, पाण्याकडं तोंड करून. म्हातारा मागं. मी काठावरच्या खडकावर, अर्ध्या जळक्या लुगड्यात, केस राखेनं भरलेले. म्हाताऱ्यानं गवत उपटून चुंबळ केली आणि चोळायला लागला.

"काय बघितलंस?"

"लुगडं पेटलं," हे म्हणाले.

"पुढं."

"हिचा पदर."

"पुढं."

चुंबळ कमरेपर्यंत जाऊन परत खांद्यावर आली. मग हे म्हणाले, "पाडव्याला मला लाल दिसलं होतं."

म्हाताऱ्याचा हात चालू होता.

"काडी लावायच्या आधी. गवताच्या पलीकडं, मोहाखाली. लाल काहीतरी. मला वाटलं पळस. सगळीकडं फुललेलाच होता. हाक मारायला हवी होती, बाबा. एक हाक. वारा जोरात होता, आणि मी म्हटलं, पळसच तो." ह्यांनी तळवे पाण्यात बुडवले. "नंतर मी तिला उचललं. तिच्या दंडाची कातडी माझ्या हाताला आली, सालीसारखी. आणि मी हात पुसला. सागाच्या पानाला पुसला. घाण लागल्यासारखा पुसला मी, बाबा. तुझी बहीण होती, आणि मी..."

मी खडकाच्या मागं जाऊन ओकले. दोघांपैकी कुणी वळून बघितलं नाही. मी तोंड धुतलं आणि परत येऊन त्याच जागी बसले. निघून जाता आलं असतं. घर जवळ होतं.

म्हाताऱ्याचा हात थांबला होता. ह्यांची मान खाली. मला वाटलं, आता हा ह्यांना पाण्यात दाबणार, आणि दाबलं तर मी काय म्हणणार?

"मी तुझ्या शेजारीच व्हतो ना," म्हातारा म्हणाला. "मलाबी दिसलं लाल. ते लुगडं मीच आणलं व्हतं तिला, जव्हारच्या बाजारातनं. तरी मला पळसच वाटला. मी त्याच दिवशी सांगितलं, ह्याच पाण्यात बसून. तू नव्हतास."

हे रडायला लागले. मोठ्यानं, तोंड वाकडं करून, नाकातून पाणी. बघवत नव्हतं. म्हाताऱ्यानं चुंबळ पुन्हा ओली केली. मग म्हणाला, "वाक थोडा. मानेखाली राहिलंय."

हे बरे झाले असं मी लिहिणार नाही. हात धुणं कमी झालं, पण धुराच्या दिवसांत ते परत यायचं. गूळ आमच्या घरात पुन्हा शिजला नाही. मुलांना सणाला पुरण हवं असलं तर गावात कुणाकडं जेवायला पाठवायची. पाडव्याची ती गोष्ट मी पुढं कितीदा ऐकली याची गणती नाही. दर वर्षी मोह फुलला की हे मला ती पहिल्यापासून सांगायचे. सालीसारखी कातडी, सागाचं पान, सगळं. दर वेळी मला मळमळायचं, आणि दर वेळी मी विचारायची, "पुढं?" लोक म्हणायचे, काय बाई सोसते. सोसत नव्हते. मला घाण वाटायची, अगदी शेवटपर्यंत. घाण वाटत असताना ऐकता येतं, एवढंच मला उशिरा कळलं.

त्या पुढच्या उन्हाळ्यात हे पुन्हा टोळीबरोबर आगीत जायला लागले. पण समोरून आग लावायची वेळ आली की काडी म्हाताऱ्याच्या हातात द्यायचे आणि स्वतः त्या वाळक्या गवतात शिरायचे. या कडेपासून त्या कडेपर्यंत, समोरून वणवा येत असताना, चालत. वाटेत लाल दिसेल त्या प्रत्येक झुडपापाशी जाऊन फांदीला हात लावायचे. गडी ओरडायचे, "दादा, माघारी ये!" हे पलीकडं पोचल्याशिवाय म्हातारा काडी ओढायचा नाही. चौकीच्या पडवीतून मला ह्यांचा आवाज ऐकू यायचा. "कोण आहे का? कोण आहे का?" बहुतेक वेळा कुणी नसायचं. उत्तर आलं नाही की हे थांबायचे आणि आणखी एकदा विचारायचे.